आधी ओळखा कोण चावतंय, मग बाटली उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन कुटुंबं उन्हाळ्यात चार दिवस तंबू लावून राहणार आहेत, बरोबर चार आणि नऊ वर्षांची मुलं. मुक्कामाशेजारी वाहता झरा, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला गवताचं माळरान. मागच्या वेळी सिट्रोनेलाचं तेल, मनगटात घालायचे पट्टे आणि तंबूत कॉइल एवढी तयारी असूनही किड्यांनी सगळ्यांना चावून हैराण केलं, धाकट्याचा पाय तर घोट्यापासून सुजला. या वेळी काय न्यायचं?

बाटलीचं नाव सांगतोच, पण थोडं खाली. गटांना घेऊन रानात राहण्याचं माझं काम आहे आणि तिथे एक गोष्ट कायम दिसते. लोक सगळा भरवसा अंगाला लावायच्या रिपेलंटवर, म्हणजे किडे दूर ठेवणाऱ्या औषधावर टाकतात. तंबू कुठे ठोकायचा, संध्याकाळी काय घालायचं, याचा विचार कुणी करत नाही. माझ्या हिशेबात जागा पहिली, कपडे दुसरे आणि रिपेलंट तिसरं. आणि या तिन्हींच्या आधी, चावतंय कोण ते कळायला हवं. तुम्ही नुसतं ‘किडे’ म्हटलंय. त्यात निदान पाच-सहा वेगळे जीव येतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

डासापासून सुरुवात करू. चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार करायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला दुरून कळतो. जवळ आली की अंगाची ऊब, घामातलं लॅक्टिक ॲसिड आणि त्वचेचा वास यांच्या आधाराने ती नेमकी जागा शोधते. ‘मलाच जास्त चावतात’ ही तक्रार उगाच नसते. ज्यांच्या त्वचेवर कार्बोक्सिलिक आम्लं जास्त असतात त्यांच्याकडे एडिस डास जास्त ओढले जातात आणि हा फरक वर्षानुवर्षं टिकतो, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिलं. तुमच्यात असा कुणी असेल तर त्याला बाकीच्यांनी ढाल म्हणून मध्ये बसवू नये, एवढीच विनंती.

डासांच्या वेळाही सारख्या नसतात. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस आणि घाण साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स हे अंधारातले. एडिस, ज्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे दिसतात, तो दिवसाचा. सकाळी लवकर आणि सूर्य मावळायच्या आधीच्या दोन-एक तासांत त्याचा जोर असतो. डेंगी आणि चिकुनगुनिया त्याच्याकडून येतात. तेव्हा ‘अंधार पडला की लावू’ हे चालत नाही.

आता तुमचा झरा. खळाळत्या पाण्यात डास सहसा वाढत नाहीत म्हणून लोक निर्धास्त असतात. पण काळी माशी, शास्त्रातलं नाव सिम्युलियम, तिच्या अळ्या वाढतात त्याच मुळी वाहत्या पाण्यात, दगडांना आणि बुडालेल्या फांद्यांना चिकटून. ही माशी काही मिलिमीटरचीच, पाठीला कुबड असलेली. दिवसा चावते, केसांच्या कडेला, कानामागे, उघड्या पायांवर. चावताना फारसं कळत नाही. नंतर मधोमध रक्ताचा ठिपका दिसतो आणि भोवती चांगली सूज चढते. धाकट्याचा पाय दिवसा झऱ्याकाठी खेळून आल्यावर सुजला असेल तर माझा पहिला संशय हिच्यावर. हिची एक सवय मात्र आपल्या फायद्याची आहे: चुकून तंबूत शिरली तर ती चावायचं सोडून उजेडाच्या दिशेने बाहेर पडायला बघते.

वाळूमाशी आणि चावणारी चिलटं यांचा त्रास वेगळा. वाळूमाशी जेमतेम तीन मिलिमीटरची, चिलटं त्याहूनही बारीक. नेहमीच्या मच्छरदाणीला चौरस इंचात १५६ छिद्रं असतात, ती डास अडवायला पुरतात. या दोघी त्यातून आरामात आत येतात. त्यामुळे तंबू घेताना आतल्या दाराची जाळी बोटांनी ताणून बघा, ती जितकी बारीक तितकी बरी. बारीक जाळीतून हवा कमी खेळते आणि उन्हाळ्यात ते जाणवतं, त्यावर उपाय तंबूची जागा नीट निवडण्याचाच. दोघी उडण्यात अगदी कच्च्या असतात, वाळूमाशी तर जमिनीलगत छोट्या छोट्या उड्या घेत पुढे सरकते. थोडा वारा सुटला की त्यांचं काही चालत नाही.

घोडेमाशी ओळखायला सोपी. मोठी, भर उन्हात येणारी, आणि चावली की माणूस ओरडतोच, कारण ती सुई टोचत नाही, पात्यांसारख्या मुखांगांनी कातडी कापते. ती बरीचशी डोळ्यांच्या भरवशावर शिकार शोधते: हलणारं, गडद रंगाचं, चकाकणारं. पोहून बाहेर आलेलं ओलं अंग तिला फार आवडतं. म्हणून रिपेलंट लावूनही ती येते आणि लोक बाटलीला दोष देतात. फिकट कपडे, आणि पाण्यातून आल्याबरोबर अंग पुसून सदरा चढवणं हे तिच्यावर जास्त लागू पडतं. झेब्र्याच्या पट्ट्यांवर तिला नीट उतरता येत नाही, हे २०१९ सालच्या एका प्रयोगात घोड्यांना पट्टेरी झूल घालून तपासलं गेलंय. तरी पट्ट्यांचे शर्ट शिवून घ्यायची घाई करू नका.

राहिली गोचीड. ती कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातली; मोठी झाली की आठ पायांची. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी पुढचे पाय फाकवून बसते आणि घासून जाणाऱ्याला धरते, मग कपड्यांवरून वर चढत मऊ जागा शोधते: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली, कानामागे, केसांत. तुमच्या माळरानात ती असण्याची शक्यता मी धरून चालतो. त्याच गवतात माइट या गोचिडीच्याच जातकुळीतल्या बारीक जिवाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्याही असू शकतात. आशियात स्क्रब टायफस हा तापाचा आजार त्यांच्याकडूनच होतो.

आता जागा. झऱ्यापासून दूर सरका. पाणी आणायला चार पावलं जास्त चालावं लागलं तरी चालेल, पण काठावर तंबू नको. थोडी उंच, उघडी, वारा खेळणारी जागा बघा. बहुतेक डासांना ताशी पंधरा किलोमीटरच्या वाऱ्यात धड उडता येत नाही, चिलटांना त्याच्या निम्म्या-पाऊण वेगातही. झाडीच्या पोटात सावली छान वाटते, पण वारा अडतो, ओल टिकते आणि दिवसाचे डास तिथेच दबा धरून असतात. पालापाचोळ्याचा थर, गुरांच्या वाटा, साचलेली डबकी, झाडांच्या पाणी भरलेल्या ढोली, हे सगळं टाळा. गवत आखूड असेल तिथे तंबू ठोका आणि मुलांची खेळायची जागाही तिथेच ठरवून द्या. जेवणाची बैठक वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. बॅटरीवरचा छोटा पंखा मिळाला तर तो संध्याकाळी पायांच्या दिशेने लावा. गंमत वाटेल, पण पंखा वाराही देतो आणि आपला श्वास नि वासही पांगवतो.

तंबूची चेन हा शिस्तीचा भाग आहे. दार एका वेळी एकानेच उघडायचं, आत शिरायचं आणि लगेच लावायचं. हेडलॅम्प आत पेटलेला ठेवून दार उघडं सोडलं की उजेडाला भुलणारे सगळे पाहुणे आत. चार वर्षांच्या मुलाला चेन लावायचा मान द्या, तो मोठ्यांना बरोबर ओरडतो.

कपडे. लांब बाह्यांचा सैल सदरा, सैल लांब पँट, मोजे, बंद बूट. उन्हाळ्यात हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात, पण पातळ, घट्ट विणीचं कापड सैल शिवलेलं असेल तर उघड्या कातडीपेक्षा ऊनही कमी लागतं. अंगाला चिकटणाऱ्या लेगिंग्जमधून डास सहज सोंड घालतो, त्या नकोत. रंग फिकट. त्यावर घोडेमाशी कमी येते आणि चढणारी गोचीड दिसते. गवतातून चालताना पँट मोज्यात खोचा. दिसायला बावळट, पण गोचिडीला आत शिरायची वाट उरत नाही. झऱ्याकाठी काळ्या माश्या खूपच असतील तर टोपीवरून घालायची डोक्याची जाळी हे एकच खरं औषध; वजन नगण्य, माणशी एक ठेवा.

कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारता आलं तर बाकीची निम्मी काळजी मिटते. कपड्यांसाठीचं अर्धा टक्क्याचं तयार द्रावण येतं तेच घ्या, शेतीच्या किंवा गुरांच्या औषधातून घरी पातळ करून बनवू नका. निघण्याच्या आदल्या दिवशी उघड्यावर, पँट, मोजे, बूट आणि सदऱ्याच्या बाह्यांवर फवारा आणि पूर्ण वाळू द्या. साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतं. ते त्वचेला लावायचं नाही, कधीच नाही. गोचीड, माइट, डास, सगळ्यांवर चालतं. दोन सावधगिऱ्या: ओलं असताना मांजरांना ते जीवघेणं ठरू शकतं आणि माशांना फार विषारी असतं. फवारलेले कपडे झऱ्यात धुऊ नका, त्यांसकट पाण्यात उतरूही नका.

आता बाटली. माझी निवड २० टक्के पिकारिडिन. काही बाटल्यांवर त्याचं नाव आयकारिडिन असं असतं, वस्तू तीच. वास जवळजवळ नाही, चिकट वाटत नाही, प्लास्टिक खराब करत नाही, आणि डासांवर सात-आठ तास सहज चालतं. ते न मिळालं तर डीट. डीट अमेरिकेच्या कृषी खात्याने १९४४ साली सैन्यासाठी शोधलं, १९५७ पासून ते सर्वसामान्यांना मिळू लागलं. म्हणजे त्याच्या वापराचा अनुभव मोठा आहे. टक्केवारी म्हणजे जोर नव्हे, ती टिकण्याची मुदत सांगते. १० टक्के दोनेक तास, ३० टक्के पाचेक तास, आणि ५० टक्क्यांच्या पुढे जाऊन फायदा वाढत नाही. शंभर टक्क्यांची बाटली घेण्यात शहाणपण नाही. डीट प्लास्टिक, रेयॉन आणि ताणणारं स्पँडेक्स विरघळवतं. चष्मा, घड्याळाची काच, मोबाइलचं कव्हर जपा. सुती, लोकरी आणि नायलॉनच्या कापडाला काही होत नाही.

झाडापासूनचंच हवं असेल तर एकच नाव घेईन: लेमन युकॅलिप्टसचं शुद्ध केलेलं तेल, ज्यात पीएमडी हा घटक असतो. साधं निलगिरीचं किंवा गवती चहाचं तेल म्हणजे ते नव्हे. तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावत नाहीत. तुमचा धाकटा त्यातून सुटला.

चांगली बाटलीही वाया जाते ती लावण्याच्या पद्धतीमुळे. रिपेलंट म्हणजे अंगाभोवतीचं कवच नाही. ते जिथे लागलं तिथे आणि फार तर त्याच्या आसपास काही सेंटिमीटर काम करतं. दोन फवारे हवेत मारून त्यातून चालत गेलात तर डास राहिलेला घोटा शोधून काढतातच. उघड्या कातडीवर सगळीकडे सारखं, पातळ पसरवा. घोटे, पावलाची वरची बाजू, कोपरांमागे, मान, कानांच्या पाळ्या विसरू नका. चेहऱ्यावर थेट फवारू नका, तळहातावर घेऊन लावा, डोळे-ओठ सोडून. कपड्यांखाली लावायचं नाही, खरचटलेल्या जागी नाही. घाम फार आला किंवा पाण्यात उतरलात तर डब्यावर लिहिलेले तास विसरा आणि पुन्हा लावा. सनस्क्रीन आधी, ते मुरलं की वरून रिपेलंट. डीटमुळे सनस्क्रीनची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते, म्हणून ऊन टाळायचं भान ठेवा. दोन्ही एकत्र असलेल्या ट्यूबा मला पटत नाहीत: सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं असतं, रिपेलंट इतक्या वेळा नको.

मुलांना मोठ्यांनीच लावायचं. त्यांच्या हातांना नाही, कारण हात तोंडात आणि डोळ्यांत जातात. तुमच्या दोघांनाही पिकारिडिन किंवा ३० टक्क्यांपर्यंतचं डीट चालतं. झोपायच्या आधी साबणाने धुऊन काढा, रात्री जाळी असतेच. स्प्रे शेगडीजवळ किंवा शेकोटीजवळ मारू नका, पेट घेतो.

मागच्या वेळच्या सामानाबद्दल. सिट्रोनेलाच्या तेलाचा परिणाम तासाभरात विरतो, आणि पट्टा वाचवला तर मनगटच वाचवतो. तंबूत कॉइल मात्र सक्त मनाई. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद तंबूत, मुलांशेजारी, तेही पेट घेणाऱ्या कापडाला लागून, हे नकोच. बाहेर, वाऱ्याच्या दिशेला ठेवली तर थोडा उपयोग. अल्ट्रासाउंडची यंत्रं आणि मोबाइलवरची ॲप घेऊ नका. २००७ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेने दहा क्षेत्रीय चाचण्या तपासल्या, एकीतही ती डास चावायचे थांबवत असल्याचं दिसलं नाही. निळ्या दिव्याची चटचट वाजणारी सापळ्याची पेटी समाधान फार देते, पण १९९६ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अशा पेट्यांमधले मेलेले कीटक मोजले तेव्हा १३,७८९ पैकी चावणारे फक्त ३१ निघाले. लसूण आणि व्हिटॅमिन बी-१ च्या गोळ्या खाऊन काही होत नाही.

रोज संध्याकाळी कपडे बदलताना अंग तपासा, मुलांचं मोठ्यांनी, मोठ्यांचं एकमेकांनी. चिकटलेली गोचीड दिसली तर टोकदार चिमटा त्वचेला अगदी टेकवून तिचं तोंड पकडा आणि सरळ वर, एकसारख्या ताणाने ओढा. झटका नको, पीळ नको. व्हॅसलीन, रॉकेल, पेटती काडी, नेलपॉलिश, यातलं काही नाही. त्याने ती सुटत नाही, उलट जखमेत लाळ सोडू शकते, आणि तेवढ्या वेळात जंतू शिरायला संधी मिळते. लवकर काढणं हाच मुद्दा आहे: उदाहरणार्थ गोचिडीकडून होणाऱ्या लाइम रोगाचे जंतू उतरायला गोचीड बहुतेक वेळा दिवसभराहून जास्त चिकटलेली असावी लागते. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नका, त्वचा तो आपण बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. घरी परतल्यावर कपडे ड्रायरमध्ये चांगल्या उष्णतेवर दहा मिनिटं फिरवले तर लपलेल्या गोचिडी मरतात; नुसतं गार पाण्यात धुऊन त्या मरत नाहीत.

चावून झाल्यावर काय? साबण-पाणी, मग गार पाण्याची घडी दहा मिनिटं. खाज म्हणजे त्यांच्या लाळेवर आपल्या शरीराने दिलेली प्रतिक्रिया, म्हणून एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम दिवसातून दोनदा किंवा सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी कामाला येते. मुलांच्या औषधाचा डोस निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. नखं कापून न्या, चिघळतं ते बहुतेक खाजवल्यामुळेच. लहान मुलांना पुष्कळदा चावल्यापासून काही तासांतच मोठी, लालसर, गरम सूज येते. ती खाजते आणि दोन-चार दिवसांत उतरते. धाकट्याचं मागच्या वेळचं बहुधा हेच होतं. याउलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, खाजेऐवजी दुखायला लागली, पू दिसला, लाल रेघ वर सरकली किंवा ताप आला तर तो जंतुसंसर्ग समजा आणि मुक्काम आटोपून डॉक्टरांकडे जा. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर पित्त उठणं, भोवळ यात वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

परतल्यानंतर महिनाभर कुणालाही ताप, अंगावर पुरळ किंवा चावल्या जागी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना आपणहून सांगा की कुठे राहिलो होतो, गवतात फिरलो होतो आणि गोचीड निघाली होती की नाही. काळी खपली स्क्रब टायफसची खूण असू शकते आणि ती काखेत किंवा जांघेत लपलेली असते, म्हणून तपासायला लाजू नका. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चांगलं लागू पडतं, पण डॉक्टरांना ते वेळेत सुचायला तुम्ही माळरानाचं नाव काढायला हवं.